रोबियाच्या गृहपाठाचा हशर

माझी चार मुलं शाळा शिकली, आणि चौघांपैकी एकानेही घरी येऊन दप्तर उघडलं नाही. एक गाडी चालवतो, एकीचं शिवणकामाचं दुकान आहे, एक नर्स आहे आणि एक पोलिसात आहे. पोलिसातल्याबद्दल मी फारसं बोलत नाही, पण तो तसा निघाला यात गृहपाठाचा काही दोष नाही. तेव्हा शाळेचं शाळेत राहायचं आणि घरचं घरात. आता सगळाच उलटा कारभार.

संध्याकाळी मी तंदूर पेटवला की पलीकडच्या अंगणातून रोबियाचा आवाज सुरू व्हायचा. "सात आणि सहा तेरा, सात आणि सात चौदा." माझ्या रोट्या भाजून, तिळासकट विकून संपायच्या, तरी हिचे सात काही संपायचे नाहीत. रोबिया दुसरीत होती. दोन वेण्या, त्यांवर तिच्या डोक्यापेक्षा मोठी पांढरी रिबिनीची फुलं, आणि समोरचे दोन दात पडलेले.

हा गृहपाठ काही आकाशातून पडला नव्हता. वर्षाच्या सुरुवातीला शाळेत पालकांची सभा झाली, तिथे आमच्या मोहल्ल्याचे अध्यक्ष एर्गाश आका उठून म्हणाले, "मुअल्लिमा, आमची नातवंडं संध्याकाळी गल्लीत हुंदडतात. तुम्ही त्यांना काही देता की नाही?" मतलुबा मुअल्लिमा शिक्षिका म्हणून बिचारी नवी, तिने एक पान दिलं. मग कुणीतरी म्हणालं, पलीकडच्या शाळेत दोन देतात. मग ही तीन द्यायला लागली. हळूहळू रोज शाळा सुटली की सगळ्या आयांच्या फोनवर टिंग वाजायचं आणि खाली हीऽऽ लांबलचक यादी. सुलेखनाची दोन पानं, वीस गणितं, एक कविता पाठ, आणि शिवाय 'घरच्यांसोबत हसतखेळत' करायचं काहीतरी. एकदा वाळलेल्या पानांचा साळिंदर करायचा होता. तो रोबियाच्या आईने, नाफिसाने केला. ना हसत, ना खेळत. डिंकाने बोटं चिकटली होती तिची.

आणि नाही केला तर? तर सगळ्या पालकांच्या ग्रुपवर मुलाचं नाव, पुढे लाल खूण. म्हणजे अख्ख्या मर्गिलान शहराला कळलंच म्हणायचं.

हे सगळं मी भिंतीअलीकडून ऐकून सोडून दिलं असतं. पण त्या आठवड्यात रोबियाचा बाप बोतिर रशियाला निघाला होता. शुक्रवारी पहाटे. बांधकामावर, वर्षभरासाठी, आणि वर्षभर म्हणून गेलेली माणसं कधी येतात ते आमच्या गल्लीला चांगलं माहीत आहे. दिवसभर तो कागदपत्रांसाठी रांगेत उभा असायचा. पोरीसाठी उरायच्या फक्त संध्याकाळी.

त्याने तिला एक कबूल केलं होतं. जर्दाळूच्या बीची शिट्टी करायला शिकवायचं. बी घ्यायची, दगडावर पाणी टाकून घासायची, एका बाजूला भोक पडेपर्यंत, मग दुसऱ्या बाजूला, आणि मग आतला गर सुईने कोरून काढायचा. घाई केली की बी फुटते. बोतिर लहानपणी अशा शिट्ट्या करण्यात पटाईत होता, दुपारी माझी झोप त्याच्याइतकी कुणीच मोडली नसेल. रोबियाने हंगामातच एक मोठी, टपोरी बी निवडून आपल्या पेन्सिलीच्या डबीत जपून ठेवली होती.

सोमवारी बोतिर आला, हातपाय धुतले आणि पोरीशेजारी जाऊन बसला.

"झालं का ग?"

"बोलू नकोस दादा. काम करतेय."

बापाला ती दादाच म्हणते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी एक ओळ लिहू का?"

"तुझं अक्षर घाण आहे."

खरंच आहे ते. मग तो नुसताच बसून राहिला, आणि पोर लिहिता लिहिता वहीवरच झोपली. उचलली तर गालावर ओळीने चार अक्षरं उठलेली. मंगळवारी तेच. बुधवारी तो पडक्या भिंतीच्या खिंडारातून माझ्याकडे रोट्या न्यायला आला आणि तंदूरशी उभाच राहिला.

"सालोमत आपा, परवा जायचंय मला," तो म्हणाला, "आणि पोर म्हणते, बोलू नकोस." एवढा बाप्या माणूस, पण डोळे भरले होते त्याचे. मी म्हटलं, धूर गेला असेल. दुसरं काय म्हणणार?

"अरे मग एक दिवस नाही केला अभ्यास तर काय तारे तुटणार आहेत का?"

"मी म्हटलं तसं. ती रडायला लागली. नाव लाल होईल म्हणते. आणि दादाजान तर..."

दादाजान म्हणजे त्याचे वडील, सोबिर बुवा. ते भिंतीपलीकडच्या ओट्यावरून ओरडलेच, "माझ्या घराचं नाव लाल अक्षरात? मी जिवंत असताना? ते जमायचं नाही!" बुवा आयुष्यभर कालव्यावर मुकादम होते. गाळ कितीही साचलेला असो, माणसं वाढवली की निघतो, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक. ते थोडा वेळ दाढी कुरवाळत बसले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की मला तेव्हाच धास्ती वाटली.

"हशर करू," बुवा म्हणाले.

आमच्याकडे कुणाचं छप्पर खचलं, कालवा तुंबला, की हशर बोलावतात. सगळा मोहल्ला येतो, फुकट राबतो, आणि ज्याचं काम असेल तो सगळ्यांना पुलाव खाऊ घालतो. नाही म्हणायची सोय नसते. पण हशर छपराचा असतो, गाळाचा असतो.

"बुवा, अहो गृहपाठाचा हशर?" मी म्हटलं.

"का? काम नाही का ते? एकट्या पोरीला झेपत नाही, हे दिसतंय ना तुला? मग झालं तर. उद्या दुपारी सगळे मिळून अभ्यास उरकून टाकू, संध्याकाळी बाप-लेक बसतील शिट्ट्या घासत."

आता खोटं कशाला बोलू, ऐकताना मलाही ते पटलं. बोतिरला तर इतकं पटलं की रोट्या तिथेच विसरून तो तांदूळ आणायला पळाला.

एर्गाश आकांनी मोहल्ल्यात निरोप धाडला: उद्या सोबिर बुवांकडे हशर, सर्वांनी यावे. कशाचा हशर, ते लिहायचं राहिलं. त्यामुळे गुरुवारी दुपारी माणसं आली ती खांद्यावर फावडी, कुदळी आणि घमेली घेऊन. गवंड्याने तर थापी, ओळंबा आणि आपले दोन भाऊ आणले होते. अंगणात सतरंज्या अंथरलेल्या, त्यांवर दुसरीच्या वर्षभराच्या छापील अभ्यासवह्या. माणसं वह्यांकडे बघतायत आणि हातातल्या फावड्याकडे बघतायत.

"कुठे खणायचं?" गवंड्याने विचारलं.

"सुलेखन आहे," बुवा म्हणाले.

"ते किती खोल?"

एर्गाश आका सतरंजीवर उभे राहिले आणि त्यांनी टोळ्या पाडल्या. लिखाणाची टोळी बिहीच्या झाडाखाली, गणिताची ओट्यावर, चित्राची नळापाशी. बोतिरने कढई चढवली. पुलाव यजमानानेच बघायचा असतो, त्यामुळे तो त्या क्षणापासून चुलीला बांधला गेला. रोबिया शाळेतून आली, घरभर माणसं बघून हरखली आणि आपली वही घ्यायला गेली.

"ए सर, सर बाजूला," एर्गाश आका म्हणाले. "इथे मोठी माणसं काम करतायत. जा, चहा आण."

घरातलं धाकटं पोर पाहुण्यांच्या हातावर पाणी घालतं, चहा फिरवतं, हे आमच्यात कुणी शिकवावं लागत नाही. रोबिया किटली घेऊन फिरायला लागली. एका टोळीचा चहा होईतो दुसरीचा संपायचा. येता-जाता ती कढईपाशी थांबायची.

"दादा, आता?"

"थोडं थांब ग, गाजरं करपतील."

ओट्यावर गणिताची टोळी पहिल्याच गणितावर अडली. अन्वरकडे नऊ खरबुजं होती, त्याने शेजाऱ्याला चार दिली, तर किती उरली?

"चारच?" एक आजोबा म्हणाले. "नऊ असून शेजाऱ्याला चार? कुणाचा मुलगा हा अन्वर?"

"ते सोडा, किती उरली सांगा."

"अहो, उरली कशी? शेजारी काय रिकामी ताटली परत पाठवणार आहे? तो द्राक्षं पाठवील."

"द्राक्षं खरबुजात कशी धरायची?"

"मग तोही खरबुजंच पाठवील. माणूस आहे की कोण आहे!"

बराच खल झाला आणि उत्तर नऊ लिहिलं. शेजारधर्म पाळला तर वजाबाकीला अर्थ नाही, असं सर्वांचं एकमत झालं. पुढची सगळी गणितं मग भराभर सुटली, सगळ्यांची उत्तरं जेवढ्यास तेवढीच. बिहीच्या झाडाखाली सोबिर बुवांनी सुलेखनाचं अख्खं पान इतकं देखणं लिहिलं की लोक उठून बघायला गेले. फक्त बुवा शिकले जुन्या लिपीत आणि शाळा चालते नव्या लिपीत. त्यांना हे सांगायची हिंमत कुणालाच झाली नाही.

एवढ्यात मतलुबा मुअल्लिमा आली. तीही आमच्याच गल्लीत राहते, हशरचा निरोप तिलाही गेला होता. हातात झाकलेली ताटली, तोंडावर हसू. नाफिसा पांढरी फटक पडली. पण आलेल्या माणसाला बसवायला नको का? तिला बसवलं, आणि बसलेल्या माणसाच्या हाताला काम द्यायला हवं म्हणून एर्गाश आकांनी तिच्यापुढे कोऱ्या ओळींचं एक पान सरकवलं. वहीवर रोबियाचं नाव होतं, पण ते न बघताच ती लिहायला लागली. चांगली मुलगी आहे तशी. एक ओळ झाली, दुसरी झाली, चौथ्या ओळीला तिने मनगट झटकलं. सहाव्या ओळीला पेन खाली ठेवून बोटं मोडली.

"अहो, किती हे!" ती म्हणाली. "लहान पोराचा हात आहे का बैलाचा? कुणी दिलाय हा एवढा अभ्यास?"

 कढईत तेवढं तेल तडतडत होतं.

मुअल्लिमाने वही उलटून वरचं नाव वाचलं. मग कानापर्यंत लाल झाली. मग तिलाही राग आला, आणि माझ्या मते योग्यच आला. "माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "मी एक पान देत होते. सभेत उठून उठून कोण सांगत होतं, आणखी द्या, आणखी द्या?"

एर्गाश आकांना एकदम आठवलं की तांदूळ भिजले की नाही ते बघायला हवं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि ते इतके मन लावून लिहायला लागले की तसं त्यांनी शाळेत असताना कधी लिहिलं नसेल.

खरी पंचाईत पुढेच होती. एवढी माणसं लागल्यावर एका दिवसाचा गृहपाठ कितीसा पुरणार? गाजरं मऊ पडायच्या आत तो संपला. तांदूळ तर अजून पडायचे होते. आता काम न करता बसून पुलाव खायचा म्हणजे भिकाऱ्यासारखं, ते कुणाला मानवणार? म्हणून त्यांनी उद्याचा केला. मग पुढच्या आठवड्याचा. तांदूळ पडेपर्यंत वहीत नवं वर्ष उजाडलं, वाफ धरेपर्यंत वसंत आला, आणि पुलाव ताटात आला तेव्हा वहीचं शेवटचं पान भरून वर शाबासकीचा तारासुद्धा काढून झाला होता. गवंडी आणि त्याच्या भावांना लिहिण्यात गोडी नव्हती, आणलेली थापी कोरडी परत नेणंही बरं दिसेना. त्यांनी माझ्या आणि बोतिरच्या अंगणामधलं खिंडार बुजवून भिंत चांगली पुरुषभर उंच केली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

लोक जेवले, हात पसरून दुवा मागितली, बुवांना मिठ्या मारल्या. असा हशर कधी झाला नाही म्हणाले. निघता निघता प्रत्येकजण बोतिरला रशियातल्या थंडीबद्दल दोन शब्द सांगून गेला, आणि प्रत्येकाच्या दोन शब्दांना पाव पाव तास लागला. शेवटचा माणूस गेला तेव्हा बोतिर कढई घासत होता. त्याने हात पुसले, वळला, तर पोर चहाचा ट्रे मांडीवर घेऊन भिंतीशी बसल्या बसल्या झोपलेली. पेन्सिलीची डबी मुठीत.

तो तिच्याशेजारी बसला. सोमवारी बसला होता तसाच.

माझं डोकं इतकं सणकलं की मी कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही. "बुवा," मी म्हटलं, "पोरीची संध्याकाळ मोकळी करायची होती. तुम्ही वसंतापर्यंतच्या सगळ्या मोकळ्या केल्यात, तेवढी आजची सोडून!"

 बुवांनी पोरीच्या मांडीवरचा ट्रे हळूच उचलला आणि स्वतः आत नेऊन ठेवला. त्या घरात त्यांनी ट्रे उचललेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पहाटे गल्लीच्या तोंडाशी गाडीचा भोंगा वाजला. मी रोट्या बांधून आणल्या होत्या, नाफिसाने त्याच्या पिशवीत बीसकट वाळवलेले जर्दाळू भरले होते. बोतिरने पोरीला उठवू नका म्हणून सांगितलं होतं, पण तो गाडीत पाय ठेवतोय तोच ती अनवाणी धावत आली. रडली नाही. डबी उघडली, ती टपोरी बी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"हा तुझा गृहपाठ," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी थोडी थोडी घासायची. एका दिवसात नाही संपवायची."

"बरं."

"मी फोनवर तपासणार. आणि तुझं तू करायचं. हशर बोलवायचा नाही."

"नाही बोलवणार, मुअल्लिमा," बोतिर म्हणाला, आणि चटकन गाडीत चढला. आम्ही बायका तिथेच डोळे पुसत उभ्या राहिलो. एर्गाश आकाही नाक शिंकरत होते, पण त्यांना बारा महिने सर्दी असते.

शाळेत काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. निम्मी वही मुअल्लिमाच्याच समोर लिहिलेली, त्यात एक पान तिच्याच हातचं, ती लाल खूण कुणाला करणार? पण आठवड्याभरात आणखी तीन घरांतून एर्गाश आकांकडे गृहपाठाच्या हशरची मागणी गेली, आणि मुअल्लिमा घाबरली. प्रत्येक घरी जाऊन पुलाव खायचा आणि आपण दिलेला अभ्यास आपणच लिहायचा, हे कुणाला झेपेल? तिने ग्रुपवर दोन ओळी टाकल्या: यापुढे एक पान, मुलाने स्वतः, फार तर चहा गार होईतो. त्यावर एकाही बापाने हूं की चूं केलं नाही.

तर अशा रोबियाच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या, आणि बाप रशियात. भिंत उंच झाल्यामुळे मला आता पलीकडे बघायला उलटी बादली लागते, पण मी चढते. रोज ती फोन किटलीला टेकवून ठेवते. पलीकडे पत्र्याच्या खोलीत बोतिर, दिवसभर राबून तोंड उतरलेलं, विटेवर बी घासत असतो.

"वर धर. दाखव. वाकडं झालंय. तीन."

"तीनच? अग, पाठ मोडलीय माझी."

"पाचपैकी तीन म्हणजे नापास नाही."

ते दोघं बोलतात तरी किती! तिथे बर्फ पडला का, सोबतचा माणूस घोरतो का, मांजर व्यालं का, सगळं घासता घासता. भोक पडायला त्याने इतके दिवस लावले की मला शंका आली, हा मुद्दाम हळू घासतोय. आणि मग परवा संध्याकाळी मी बादलीवर होते, तेव्हा फोनमधून अशी काही सणसणीत शिट्टी आली की आमच्या झाडावरच्या चिमण्या उडाल्या. रोबिया टाळ्या पिटत नाचली.

"पाच!" ती ओरडली. "दादा, पाच!"

"झाला बाबा एकदाचा गृहपाठ," बोतिर म्हणाला. हसत होता. "चल, झोपतो आता लवकर."

रोबिया नाचायची थांबली. फोनकडे बघत उभी राहिली.

"आईने पिशवीत जर्दाळू दिलेत ना?" ती म्हणाली. "त्या सगळ्या बिया. आजपासून."

"सगळ्या? अग दोन किलो आहेत ते! एवढा अभ्यास?"

"बोलू नकोस दादा," रोबिया म्हणाली. "काम कर."

 पलीकडे विटेवर बी घासल्याचा आवाज सुरू झाला. एवढा अभ्यास फार होतो, हे सांगायला मी भिंतीवरून तोंड उघडलं होतं. ते मिटलं आणि बादलीवरून खाली उतरले.